जुन्या नकाशांचा डिजिटल संग्रह करायचाय? आधी वही काढा, स्कॅनर नंतर

नागपुरात महाल भागातल्या आमच्या वाचनालयात मागच्या खोलीत लोखंडी कपाटावर नकाशांच्या गुंडाळ्या कित्येक वर्षं पडून होत्या. काही कापडावर चिकटवलेले, काही घडी घालून घालून घडीवरच फाटलेले, काही निळे फेरो प्रिंट म्हणजे ब्लूप्रिंट, आणि एका जुन्या मालगुजार, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या, घराण्याने दिलेले गाव नकाशे. हे सगळं डिजिटल करायचं असं ठरलं तेव्हा आम्ही पहिल्यांदा सगळ्यात मोठी चूक केली ती अशी की एका एजन्सीला बोलावलं, त्यांनी चार दिवसांत सगळं स्कॅन करून हार्डडिस्क हातात दिली आणि आम्ही पेढे वाटले. दोन वर्षांनी एक रिसर्च करणारी मुलगी आली, तिला हिंगण्याकडच्या एका मौजाचा नकाशा हवा होता, तर हार्डडिस्कवर नुसतं स्कॅन १, स्कॅन २ असं चारशेच्या वर, कोणता कुठला काही कळेना, सगळे काळे-पांढरे, झूम केलं की अक्षरं फुटायची, आणि मागची बाजू कोणीच घेतलेली नव्हती. सगळं परत करावं लागलं. त्या दुसऱ्या वेळेला जे शिकलो ते इथे लिहितोय, कारण विदर्भातल्या कितीतरी गावांच्या वाचनालयांत असे नकाशे पडून आहेत आणि दरवर्षी थोडे थोडे वाळवी खातेय.

तर पहिलं काम वही. खरंच साधं रजिस्टर, किंवा एक्सेल शीट, पण स्कॅनरला हात लावायच्या आधी. प्रत्येक शीटला एक नंबर द्या आणि तो मागच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. पेन नको, स्टॅम्प नको, स्टिकर तर अजिबात नको, त्याचा गोंद दहा वर्षांनी पुढच्या बाजूला डाग होऊन निघतो. वहीत नकाशाचं शीर्षक जसं छापलंय तसंच उतरवायचं, स्पेलिंग दुरुस्त न करता, मग स्केल, शीट नंबर, कोणत्या ऑफिसने छापला, आकार सेंटिमीटरमध्ये, अवस्था कशी आहे, कोणाकडून आला. आणि वर्षं. एक वर्ष नाही, वर्षं. नकाशावर सर्व्हे कधी झाला ते एक, छापला कधी ते दुसरं, आणि बरेचदा दुरुस्ती कधी केली ते तिसरं. सर्व्हे आणि छपाई यांत कितीतरी वर्षांचं अंतर असू शकतं, आणि तुम्ही फक्त छापल्याचं वर्ष लिहिलं तर वाचणारा समजतो की त्या साली तिथे ते तळं होतं, प्रत्यक्षात ते आधीच बुजलेलं असू शकतं. या तीन रकान्यांवर जेवढा वेळ द्याल तेवढा कमीच.

टोपोशीटचे, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडिया या सरकारी नकाशा खात्याच्या डोंगर-नद्या-रस्ते दाखवणाऱ्या शीटचे, नंबर वाचायला शिकून घ्या, एक तास लागतो पण नंतर आयुष्यभर कामी येतं. सर्व्हे ऑफ इंडियाने देशाचे चार अंश बाय चार अंश असे चौकोन पाडलेत, त्यात आपला चौकोन ५५ नंबरचा, म्हणजे २० ते २४ अक्षांश आणि ७६ ते ८० रेखांश. त्याचे परत एक-एक अंशाचे सोळा तुकडे, ए ते पी, डावीकडून वरून खाली मोजत यायचं. नागपूर येतं ५५ ओ मध्ये, वर्धा ५५ एल मध्ये. मग त्या एका अंशाचे परत सोळा भाग, पंधरा-पंधरा मिनिटांचे, तसेच वरून खाली, आणि नागपूर शहर पडतं ५५ ओ/४ वर. एकदा हे डोक्यात बसलं की कोपरा फाटून नाव गेलेली शीटसुद्धा नुसत्या नंबरवरून ओळखता येते, आणि शेजारची कोणती शीट आपल्याकडे नाही तेही कळतं. आम्ही एका कार्डशीटवर हा चौकटीचा तक्ता काढून भिंतीला लावलाय, जी शीट आहे तो चौकोन रंगवायचा. आता कोणी जुने नकाशे द्यायला आलं की आधी भिंतीकडे बघतो.

आता एक गोष्ट सांगतो, काळ्या-पांढऱ्या स्कॅनमुळे काय गेलं ती. मालगुजारी गावांचे नकाशे बरेचदा १६ इंच म्हणजे १ मैल या स्केलचे, म्हणजे १:३९६०, त्यावर खसरा नंबर, म्हणजे शेतांचे नंबर, हाताने लिहिलेले. आमच्याकडे नेहमी पेपर वाचायला येणारे एक रिटायर्ड पटवारी काका आहेत. त्यांनी मूळ शीट टेबलावर पसरलेली पाहिली, चष्मा कपाळावर सरकवला, बोट अगदी कागदाला न लागता वरून फिरवलं आणि म्हणाले, "अरे बापू, हे काळी रेघ अन् हे लाल रेघ एक नाही ना. काळी बंदोबस्ताच्या वेळची, लाल नंतरची, पोटहिस्सा पडला का लाल मारत." बंदोबस्त म्हणजे शेतसारा ठरवायची जुनी मोजणी, ती काळ्या शाईत; नंतर वाटणी झाली, शेत तुटलं, ते लाल शाईत. आणि आमच्या पहिल्या स्कॅनमध्ये दोन्ही रेघा सारख्याच राखाडी! एका घराची तीन पिढ्यांची वाटणी त्या एका सेटिंगमुळे पुसली गेली होती. म्हणून कलर म्हणजे कलर, नकाशा काळा-पांढरा दिसत असला तरी कलर, २४ बिट. कागदाचा पिवळेपणा, पेन्सिलीची खूण, शाईचा फरक सगळं त्यातच राहतं. आणि मागची बाजू कोरी वाटली तरी घ्या. आमच्या एका नकाशाच्या मागे मोडीत चार ओळी आहेत, मोडी जाणणाऱ्या एका बाईंनी त्या वाचून दिल्या, त्यात नकाशा कोणाच्या वादासाठी काढला ते लिहिलंय. समोरून ते कधीच कळलं नसतं.

खोलीबद्दल. पुण्या-मुंबईच्या सूचना इथे जशाच्या तशा चालत नाहीत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, हवा कोरडी ठक्क, आणि जून-जुलैत एकदम दमट. कागद हा ओल पिऊन फुगतो आणि सुकून आकसतो, त्यातही दोन्ही दिशांना सारखा नाही, एका दिशेने जास्त. आणि त्यात आपला कूलर! नकाशांच्या खोलीत कूलर लावू नका, कृपा करून लावू नका. तो हवा थंड करतो ते पाणी मिसळूनच, दुपारभर चालला की कापडावर चिकटवलेल्या नकाशाला लाटा येतात, कारण कापड आणि कागद वेगवेगळे ताणतात, आणि अशी लाट आलेली शीट स्कॅनरवर सपाट बसत नाही. एसी परवडत असेल तर दिवसरात्र एकसारखा ठेवा, दिवसा चालू रात्री बंद हे सगळ्यात वाईट. परवडत नसेल तर जाड भिंतीची, उत्तरेकडची खोली घ्या, खिडकीला पडदा, हवेतला दमटपणा मोजायला एक हायग्रोमीटर भिंतीला, आणि कपाट भिंतीपासून चार बोटं दूर, कारण वाळवी भिंतीतूनच येते. स्कॅनिंगचं काम आम्ही आता दिवाळीनंतर ते होळीपर्यंत करतो. त्या दिवसांत हवा बरी असते आणि शाळा-कॉलेजची मुलं मदतीला पण मिळतात.

फाटलेल्या नकाशाला सेलोटेप लावू नका. आधीच लावलेली असेल तर ओढून काढू नका, शाई घेऊन येते. घडीवर फाटलेलं जोडायला जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ वापरतात, पण ते शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्या, नाहीतर तुकडे पारदर्शक पॉलिस्टर शीटच्या पाकिटात जागच्या जागी ठेवून तसंच स्कॅन करा. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करून उघड्या हातानेच धरा, सुती हातमोज्यात बोटाला कागदाची कड कळत नाही आणि तिथेच फाटतो. निळे फेरो प्रिंट वेगळे ठेवायचे, ते उजेडात फिके पडतात आणि अल्कलाइन म्हणजे बफर केलेल्या फोल्डरमध्येही त्यांचा निळा रंग उडतो, त्यांना साधा बफर नसलेला फोल्डर लागतो. आणि खूप दिवस गुंडाळून राहिलेला नकाशा आणल्या आणल्या उलटा वाकवून सरळ करायचा मोह होतो, तो आवरा. दोन-तीन दिवस स्वच्छ कागदांमध्ये हलकं वजन ठेवून आपोआप बसू द्या.

स्कॅनिंग. रोलरमधून कागद ओढणारे मोठे प्लॉटर स्कॅनर इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या दुकानात मिळतात, स्वस्त आणि झटपट, पण जुना, कापडी, फाटका नकाशा त्यात घालू नका. ओव्हरहेड स्कॅनर मिळाला तर उत्तम. नाही तर चांगला कॅमेरा, वरून खाली बघणारा मजबूत स्टँड, दोन्ही बाजूंना ४५ अंशात सारखे दोन दिवे, आणि मोठी शीट असेल तर तुकड्यांत फोटो घेऊन जोडायचे, तुकडे एकमेकांवर भरपूर चढतील असे. प्रत्येक फोटोत कडेला एक सेंटिमीटरची पट्टी आणि कलर कार्ड ठेवा, नकाशावर नाही, नकाशाच्या बाहेर. नकाशाची कड पूर्ण दिसली पाहिजे, चारही बाजूंना थोडी पार्श्वभूमी सोडून. क्रॉप केलेला स्कॅन म्हणजे समासातली माहिती गेली, आणि नकाशाचं निम्मं शहाणपण समासात असतं.

रिझोल्यूशन ४०० पीपीआय, म्हणजे इंचाला ४०० पिक्सेल, ठेवा, त्यापेक्षा कमी नको. हिशोब करून बघा म्हणजे पटेल. ४०० ला एक पिक्सेल कागदावर साधारण ०.०६ मिलिमीटरचा, एक इंच-एक मैल शीटवर तो जमिनीवर ४ मीटर होतो, गाव नकाशावर फक्त पाव मीटर. बारीक बांध दिसायला एवढं हवंच. आणि साइझ? २४ बाय ३० इंचाची शीट घेतली तर ९,६०० गुणिले १२,००० पिक्सेल, प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे ३४५ एमबीच्या आसपास एक टिफ फाइल. पाचशे शीट, दोन्ही बाजू, झाले ३४५ जीबी. तीन कॉप्या ठेवायच्या तर एक टीबीच्या थोडं वर. आजच्या काळात हे काही फार नाही, म्हणून "जागा लागते" म्हणून कोणी जेपेगच ठेवायचा सल्ला दिला तर ऐकू नका. मास्टर फाइल टिफच, कॉम्प्रेस न केलेली, तिला परत कधी हात लावायचा नाही. लोकांना दाखवायला तिच्यावरून जेपेग काढा, पाहिजे तितक्या.

फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत, स्पेस न देता, वहीतला नंबर आणि पुढची बाजू की मागची एवढंच. नावात गावाचं नाव, साल, "फायनल", "नवीन फायनल" काही घालू नका, ती माहिती वहीत आहे. नंबर चार आकडी ठेवा, ००१२ असा, म्हणजे कॉम्प्युटर क्रमाने लावतो.

मग कॅटलॉग. कोहा हे वाचनालयाचं सॉफ्टवेअर वापरत असाल, आणि बरीच वाचनालयं आता वापरतात, तर त्यातल्या मार्क या नोंदीच्या ठरलेल्या साच्यात नकाशासाठी वेगळी घरं आहेत, २५५ मध्ये स्केल आणि अक्षांश-रेखांश वाचता येतील असे, ०३४ मध्ये तेच मशीनला कळतील असे. नकाशाच्या चारही टोकांचे आकडे भरा, पश्चिम, पूर्व, उत्तर, दक्षिण. कंटाळवाणं काम आहे पण पुढे लोकांना नकाशावर बोट ठेवून शोधता येणार ते याच आकड्यांवर. गावाची नावं मात्र दोन्ही हवीत, छापलेलं आणि आजचं. जुन्या इंग्रजी नकाशांवर नागपोर, सीताबल्डी, कॅम्प्टी असली रूपं दिसतात, चंद्रपूर तर चांदा. कोणी "कामठी" शोधलं आणि तुमच्याकडे फक्त छापलेलं रूप असेल तर त्याला वाटणार तुमच्याकडे नाहीच. जिल्ह्यांचंही तसंच. वर्धा जिल्हा नागपुरातून वेगळा झाला १८६२ मध्ये, गडचिरोली चंद्रपुरातून १९८२ मध्ये, गोंदिया भंडाऱ्यातून १९९९ मध्ये, तर नोंदीत "त्या वेळचा जिल्हा" आणि "आताचा जिल्हा" असे दोन रकाने करा, एकात कोंबू नका. आणि ज्याला गावातली नावं माहीत आहेत अशा माणसाला बाजूला बसवा. जुमा तलाव, शुक्रवारी तलाव आणि गांधीसागर हे एकच आहे हे बाहेरून आलेल्या ऑपरेटरला कोण सांगणार?

आता जिओरेफरन्सिंग, म्हणजे जुना नकाशा आजच्या नकाशावर बरोबर बसवणं. हे सगळ्यात मजेचं काम, आणि चूक झाली तर सगळ्यात आत्मविश्वासाने खोटं सांगणारं पण हेच. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात जिओरेफरन्सर आहे. नकाशा कोणत्या मोजमापाच्या चौकटीत बसवायचा ते तिथे निवडावं लागतं, नागपूरसाठी ती यूटीएम झोन ४४ उत्तर, कोड ईपीएसजी ३२६४४. टोपोशीट असेल तर रस्ते-देवळं शोधत बसू नका, छापलेल्या अक्षांश-रेखांशांच्या रेघा जिथे एकमेकींना छेदतात ते बिंदू घ्या. पण तिथे दोन खड्डे आहेत. पहिला, त्या रेघा एव्हरेस्ट इलिप्सॉइडवरच्या, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या हिशोबावरच्या आहेत, जीपीएसच्या डब्ल्यूजीएस ८४ वरच्या नाहीत, थेट टाकल्या तर सगळं शंभर मीटरच्या वर सरकतं, म्हणून आधी एव्हरेस्टवाल्या सिस्टिममध्ये बसवा आणि मग क्यूजीआयएसला बदलून द्यायला सांगा. दुसरा खड्डा जास्त मोठा. जुन्या शीटचे रेखांश मद्रास वेधशाळेच्या रेखांशावरून काढलेले असायचे आणि ती किंमतच पुढे दुरुस्त झाली, अडीच मिनिटांच्या आसपास. बऱ्याच शीटवर समासात बारीक अक्षरात तशी टीप असते की इतकी मिनिटं-सेकंद वजा करा. अडीच मिनिटं म्हणजे आपल्या अक्षांशावर चार किलोमीटरच्या वर! आमची एक शीट बसवली तर सीताबर्डीचा किल्ला पार पूर्वेला सरकला, अर्धा दिवस आम्ही एकमेकांच्या चुका काढत होतो, आणि उत्तर खाली समासात छापलेलं होतं. म्हणून म्हटलं समास कापू नका.

हा सर्व्हेचा सगळा पसारा आपल्या अंगणातून गेलेला आहे हे पण मुलांना सांगा, कामात जीव लागतो. त्रिकोणमितीय सर्व्हेची सुरुवात करणारा लॅम्ब्टन १८२३ मध्ये मोजणी करत करत वारला तो हिंगणघाटला. इथून ऐंशी किलोमीटरच्या आत.

शहराचे जुने प्लॅन, ज्यांवर अक्षांश-रेखांश नाहीत, त्यांना जमिनीवरच्या खुणा घ्याव्या लागतात. खूण अशी घ्या जी हललेली नाही. देऊळ, मशीद, चर्च, किल्ल्याचा बुरूज, जुन्या विहिरी, महालातल्या जुन्या गल्ल्यांचे चौक चांगले. नदीचं वळण नको, तलावाचा काठ तर नकोच, उन्हाळ्याचा की पावसाळ्याचा कोण सांगणार. रेल्वे नागपूरला आली १८६७ मध्ये, पण स्टेशनची आजची इमारत १९२५ ची, तर त्याआधीच्या नकाशावर "स्टेशन" दिसलं म्हणून आजच्या इमारतीवर पॉइंट टाकला की झाला घोळ. पॉइंट चारही कोपऱ्यांत पसरलेले हवेत, आठ-दहा तरी. आणि थिन प्लेट स्प्लाइन वापरली की एरर शून्य दिसतो, त्याने खूश होऊ नका. ती पद्धत नकाशा रबरासारखा ताणून प्रत्येक पॉइंट जुळवतेच, तुम्ही चुकीचा पॉइंट टाकला तरी. आधी साध्या पद्धतीने बसवा, ज्या पॉइंटचा एरर सगळ्यांपेक्षा वेगळा दिसेल तो तपासा, मगच स्प्लाइन. पॉइंटची फाइल मास्टरसोबत जपून ठेवा, पुढे कोणाला तुमचं काम तपासता आलं पाहिजे.

ऑनलाइन टाकायच्या आधी हक्कांचं बघा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे सरकारी प्रकाशनाचा हक्क ६० वर्षं, तीही प्रकाशनानंतरच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजायची. खाजगी माणसाने काढलेला असेल तर त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. कॉपीराइट संपला तरी ज्या शीटवर रिस्ट्रिक्टेड असं छापलेलं आहे ती परस्पर टाकू नका, सर्व्हे ऑफ इंडियाला लेखी विचारा आणि उत्तर फाइलला लावा. देशाच्या बाह्य सीमा चुकीच्या दाखवणारा नकाशा प्रसिद्ध करण्याबद्दल १९६१ चा वेगळा कायदा आहे, म्हणून संपूर्ण भारताचे जुने नकाशे वकिलाला दाखवूनच टाका. आणि गाव नकाशांच्या प्रत्येक पानावर ठळक लिहा की हा इतिहासाचा कागद आहे, मालकीचा पुरावा नाही. नाहीतर बांधावरून भांडणारे दोन भाऊ तुमच्या दारात येणार. आमच्याकडे आले होते, आणि त्यांना समजावणं फार जड गेलं.

दाखवायला ओमेका एस किंवा डीस्पेस ही सॉफ्टवेअर, दोन्ही फुकट, पण सांभाळायला एक जाणकार माणूस लागतो. मोठा नकाशा मोबाइलवर सरसर झूम व्हावा असं वाटत असेल तर ट्रिपल-आय-एफ चालणारं काहीतरी घ्या, त्यात तुकड्या-तुकड्यांत चित्र येतं, पूर्ण ३४५ एमबी उतरवावं लागत नाही. हे काहीच जमणार नसेल तर हक्कमुक्त नकाशे इंटरनेट अर्काइव्हवर किंवा विकिमीडिया कॉमन्सवर टाका, नोंदीसकट. छोट्या वाचनालयाने स्वतःचा सर्व्हर उभा करून दोन वर्षांत बंद पाडण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

आणि हे सगळं झाल्यावर खरं काम सुरू होतं, सांभाळायचं. तीन कॉप्या, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. आमची एक वाचनालयात, एक क्लाउडवर, आणि एक हार्डडिस्क धरमपेठेत एका कार्यकर्त्याच्या घरी, कारण सगळ्या एकाच इमारतीत ठेवल्या आणि तिथे आग लागली किंवा पाणी शिरलं तर तिन्ही जातील. प्रत्येक फाइलचा चेकसम काढून ठेवा, एसएचए-२५६ घ्या, म्हणजे फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा. एक बिट जरी बदलला तरी ठसा बदलतो. हार्डडिस्क नुसती कपाटात ठेवली म्हणजे सुरक्षित असं नसतं, पडून पडून पण जाते, म्हणून पाच वर्षं झाली की चालू असली तरी बदलायची.

पण तपासायचं कधी हे ठरलेलं नसेल तर कोणी तपासत नाही, हे आम्ही पाहिलंय. म्हणून आम्ही दोन दिवस धरलेत, खंडेनवमी आणि गुढीपाडवा, मध्ये साधारण सहा महिने पडतात. खंडेनवमीला धरमपेठेतली डिस्क येते, स्कॅनर, कॅमेरा, डिस्क सगळं टेबलावर मांडून हळद-कुंकू वाहतो, हळद-कुंकू डिस्कच्या डब्याला, डिस्कला नाही, आणि मग चेकसम चालवतो. रात्रीपर्यंत चालतं. मागच्या वेळी दोन फाइली जुळल्या नाहीत, दोन्ही त्याच डिस्कवरच्या, क्लाउडवरून परत उतरवून घेतल्या, वहीत तारीख टाकून सही केली, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नवीन डिस्क घेतली.